प्रश्न कोणत्या लिपीत विचारायचा? एका मराठी तांत्रिक मदतगटातला वाद

पार्श्वभूमी

हा मदतगट मराठीतून संगणकावर काम करणाऱ्यांचा आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या एका सामाईक संकेतावलीत) कसा आणायचा, लिबरऑफिसमध्ये नावांची यादी अकारविल्हे नीट का लागत नाही, पीडीएफमधून कॉपी केलेली जोडाक्षरे का तुटतात, पोर्टलवरून उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये का बिघडते, असे प्रश्न तिथे येतात. विचारणारे बहुतेक तालुक्याच्या आणि लहान गावांतले: शिक्षक, ग्रामपंचायतीचे डेटा ऑपरेटर, डीटीपीवाले, पतसंस्थेतले कारकून. उत्तरे देणाऱ्यांत पुण्या-मुंबईचे आणि बंगळूरचे नोकरदार जास्त, काही परदेशात राहणारे. प्रत्येक प्रश्नाचा वेगळा धागा असतो आणि जुने धागे बाहेरच्या कोणालाही शोधून वाचता येतात. आज विचारणाऱ्या एकापेक्षा पुढच्या काही वर्षांत तोच प्रश्न शोधत येणारे अनेक जण या साठ्याचे खरे वाचक आहेत.

मी गटाचा जुना सदस्य आहे, ॲडमिन नाही. वाद शमल्यावर त्याची नोंद व्हावी असे दोन्ही बाजूंना वाटले, म्हणून संबंधितांशी बोलून आणि काढलेले मेसेज वाचून हे लिहिले आहे. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या सांगण्यावरून वगळले आहेत.

गट सुरू झाला तेव्हा तीन ॲडमिननी एक नियम ठरवला: प्रश्न आणि उत्तरे मराठीत आणि देवनागरी लिपीतच असतील, बाकीचा मजकूर काढला जाईल. यामागे भाषेचा अभिमान होता आणि तो असण्यात मला काही वावगे वाटत नाही. पण त्याला भक्कम तांत्रिक कारणही होते. रोमन लिपीत मराठी लिहायची ठरलेली रीत नाही. 'जोडाक्षर तुटतंय' हे दोन शब्द चार माणसे चार स्पेलिंगांनी लिहितात. असा धागा शोधून सापडत नाही, मग तोच प्रश्न पुन्हा येतो आणि उत्तर देणारा तेच उत्तर पुन्हा टाइप करत बसतो. फुकट वेळ देणारी माणसे याच कंटाळ्याने निघून जातात, हे कोणत्याही मदतगटाचा जुना ॲडमिन सांगेल.

तो धागा

परीक्षेच्या हंगामात एका संध्याकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका शिक्षिकेने प्रश्न टाकला. मोबाइलवरून, रोमन लिपीत, अधूनमधून इंग्रजी शब्द असलेल्या मराठीत. विद्यार्थ्यांची यादी पोर्टलवरून सीएसव्ही स्वरूपात, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, उतरवली होती. शाळेच्या लॅपटॉपवर एक्सेलमध्ये उघडली तर मुलांच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसत होती. यादी दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रप्रमुखांकडे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या प्रमुखांकडे, द्यायची होती. सोबत स्क्रीनशॉट होता आणि त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' ओळीओळीत पुन्हा पुन्हा आलेला दिसत होता.

ज्याने हे एकदा पाहिले आहे, त्याला त्या तिरक्या रेघेवरूनच काय झाले ते कळते. युटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची खूण नसेल, तर विंडोजवरचे एक्सेल ती जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीतली समजून उघडू शकते. मग देवनागरीच्या एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन अनोळखी चिन्हे येतात. मूळ फाइल शाबूत असते. तिच्यावर डबल क्लिक न करता रिकाम्या वर्कबुकमध्ये 'डेटा' टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्यायचे, फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ म्हणजे युटीएफ-८ निवडायचे, की नावे दिसू लागतात. माहीत असलेल्याला पाच मिनिटांचे काम.

प्रश्न आल्यावर थोड्याच वेळात एका ॲडमिनने तो काढून टाकला. हे निवृत्त पॉलिटेक्निक प्राध्यापक, गटात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. शिक्षिकेला ठरलेला मेसेज गेला: नियमानुसार मजकूर काढला आहे, कृपया देवनागरीत पुन्हा लिहावे.

शिक्षिकेच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू केलेला नव्हता आणि तो कुठून चालू करायचा हे त्या मेसेजमध्ये नव्हते. त्यांनी भाषांतराच्या ॲपमध्ये मजकूर घालून जे मराठी आले ते जसेच्या तसे गटात टाकले. दुसऱ्या वेळी स्क्रीनशॉट जोडायचा राहिला. ॲपने मेनूंची नावेही मराठीत आणली होती, त्यामुळे त्यांनी नेमके कुठे काय केले याचा पत्ता लागेना. एका नव्या सदस्याने चांगल्या हेतूने अंदाज बांधला की लॅपटॉपवर मराठी फॉन्ट नसेल. फॉन्ट टाका, फाइल सेव्ह करा आणि पुन्हा उघडा, असे त्याने लिहिले.

सेव्ह केल्यावर खरे नुकसान झाले. यादीत आधार क्रमांकाचा रकाना होता. बारा अंकी आकडा एक्सेल आपसूक घातांकाच्या रूपात दाखवते आणि त्याच अवस्थेत सीएसव्ही सेव्ह केली की फाइलमध्ये दिसणारे रूपच जाते, शेवटचे अंक पुसले जातात. आता मूळ फाइलही शाबूत राहिली नाही.

रात्री दुसऱ्या ॲडमिनने, बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत काम करणाऱ्या तरुणाने, काढलेला पहिला प्रश्न पाहिला. स्क्रीनशॉटवरून त्याला सगळे उमगले. त्याने प्रश्न परत आणला आणि घाईत इंग्रजीत अचूक उत्तर लिहिले. पहाटे उठून सरांनी ते उत्तर काढले, तरुणाने परत आणले, सरांनी पुन्हा काढले. मग तरुणाने सगळ्यांसमोर लिहिले की इथे माणसाला मदत करण्यापेक्षा अक्षरांची वेलांटी मोठी झाली आहे. सरांनी उत्तर दिले की इंग्रजीत मदत करणाऱ्या जागा जगभर आहेत, ज्यांना ती भाषा प्यारी आहे त्यांनी तिकडे जावे. दुपारपर्यंत धाग्यावर दोन तट पडले होते. त्या गर्दीत शिक्षिकेचे काम झाले का, हे कोणीच विचारले नाही. त्यांनी शेजारच्या शाळेतल्या सहकाऱ्याच्या मदतीने पोर्टलवरून फाइल नव्याने उतरवली, यादी उशिरा दिली आणि गट सोडला.

दोघांचे म्हणणे

सरांशी बोललो तेव्हा त्यांची भीती कळली आणि ती खरी आहे. त्यांनी याआधी दोन गट पाहिले होते जे मराठी म्हणून सुरू झाले आणि हळूहळू पूर्ण इंग्रजी झाले. कोणी बंदी घातली नव्हती. पहिले उत्तर इंग्रजीत आले की तालुक्याच्या गावातला माणूस 'बरं' म्हणून गप्प बसतो, उलटा प्रश्न विचारत नाही. त्याला समजले असे सगळे धरून चालतात. काही महिन्यांनी तो विचारायलाच येत नाही आणि मग गटात फक्त इंग्रजी येणारेच उरलेले असतात. मी स्वतः हे होताना पाहिले आहे.

तरुण ॲडमिनचे म्हणणे असे की एरर इंग्रजीत येतो, मेनू इंग्रजीत असतात, तांत्रिक जगाचा व्यवहारच त्या भाषेत चालतो. त्याने पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'पेप ८' या लेखनसंकेताचा दाखला दिला. त्यात बिगर-इंग्रजी देशांतल्या प्रोग्रामरना सांगितले आहे की आपला कोड आपली भाषा न जाणणारा कोणी कधीच वाचणार नाही याची १२० टक्के खात्री असेल तरच कोडमधल्या टिपा आपल्या भाषेत लिहा. सरांनी तोच दाखला उलटवला: या गटाचे उत्तर मराठी न जाणणारा माणूस वाचणार नाही याची आपल्याला १२० टक्के खात्री आहेच. मला हा प्रतिवाद बिनतोड वाटतो.

पण दोघेही उत्तरांविषयी बोलत होते. ठिणगी पडली ती प्रश्नावरून. सगळ्या भांडणात ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही आणि माझ्या मते प्रकरणाची गाठ इथेच आहे. प्रश्न अडलेला माणूस लिहितो, हातात जे साधन आहे त्यावर, घाईत. दवाखान्यात आलेल्याने तक्रार प्रमाण भाषेतच सांगावी अशी अट कोणी घालत नाही. उत्तर लिहिणाऱ्याकडे मात्र सवड असते आणि उत्तरच पुढे साठ्यात टिकते. नियमाने दोन्ही एकाच मापाने मोजले होते.

दुसरा गोंधळ भाषा आणि लिपी यांचा. शिक्षिकेचा प्रश्न मराठीतच होता. त्यांनी मोडला तो लिपीचा नियम, पण त्यांना गेलेल्या मेसेजवरून त्यांची समजूत झाली की आपले मराठीच कमी पडले. मराठी शिकवणाऱ्या बाईंना हे किती लागले असेल याचा विचार करावा. त्या मला म्हणाल्या की नियमाला त्यांचा आजही विरोध नाही. त्या दिवशी नेमके काय चुकले एवढेच कोणीतरी सांगायला हवे होते.

कोणते पर्याय होते

पुढच्या आठवड्यात तिसऱ्या ॲडमिनने, म्हणजे तोवर गप्प असलेल्या एका ताईंनी, बैठक बोलावली. त्या लातूरकडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहेत. त्यांनी पहिली अट घातली की बैठकीत त्या धाग्यावर बोलायचे नाही, फक्त पुढच्या नियमावर बोलायचे. माझ्या मते गट वाचला तो या अटीमुळे.

पहिला पर्याय होता नियम आहे तसा ठेवून कडक राबवण्याचा. याला मोठी उदाहरणे आहेत. २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने २००९ मध्येच इंग्रजीखेरीज इतर भाषांतले प्रश्न चालणार नाहीत असे धोरण जाहीर केले. कारण तेच, जे सर सांगत होते: एकच प्रश्न दहा भाषांत विखुरला की ज्ञान एका जागी साठत नाही, आणि जी भाषा येत नाही तिच्यातल्या उत्तराचा दर्जा ॲडमिनला तपासता येत नाही. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या ईमेल चर्चायाद्यांवरही दुसरी भाषा स्पष्टपणे मान्य नसेल तिथे इंग्रजीच लिहावे असा संकेत आहे. म्हणजे एकभाषिक नियम हा काही मराठी हट्ट नव्हे, हे बैठकीत सांगितले गेले ते बरे झाले. पण या दाखल्यात एक फरक लपलेला आहे. इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या जागेकडे माणसे रांग लावून येतात, शंभर परत गेले तरी हजार उरतात. आपल्याकडून एक शिक्षिका गेली की तिच्यामागे तिचे अख्खे केंद्र जाते.

दुसरा पर्याय, बंधनच नको. तरुण ॲडमिनचा कल तिकडे होता, पण चर्चेत त्याने तो स्वतःहून सोडला. आधीच्या दोन गटांचे काय झाले हे सरांनी तपशिलाने सांगितल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते आणि तसे त्याने मोकळेपणाने सांगितले.

तिसरा, वेगवेगळी दालने. डेबियनने फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र याद्या ठेवल्या आहेत. स्टॅक ओव्हरफ्लोनेही पुढे आपली भूमिका सैल केली: २०१४ मध्ये पोर्तुगीज आणि जपानी, २०१५ मध्ये रशियन आणि स्पॅनिश शाखा निघाल्या. ब्राझीलमधल्या अनेक प्रोग्रामरना इंग्रजी वाचता येते पण लिहून प्रश्न विचारायला ते कचरतात, हे कंपनीने मान्य केले. भारतीय भाषांपैकी एकीलाही अशी शाखा मिळाली नाही. दालनांची कल्पना सगळ्यांना आवडली, पण ताईंनी हिशेब मांडला: नेमाने उत्तरे देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यांना दोन दालनांत कसे वाटणार? रोमन लिपीचे वेगळे दालन केले असते तर जाणकार तिथे फिरकले नसते आणि मदतीची सगळ्यात जास्त गरज असलेली माणसे एकमेकांना अंदाज सांगत बसली असती. त्या संध्याकाळी फॉन्टचा सल्ला आला, तसेच.

चौथा पर्याय ताईंच्या कामातून आला. ग्रंथालयात पुस्तक कसेही मागितले तरी देतात. 'ते निळ्या मुखपृष्ठाचं' एवढे सांगितले तरी शोधून देतात. तालिकेतली नोंद मात्र ठरलेल्या पद्धतीनेच होते आणि ती करायचे काम ग्रंथालयाचे असते, वाचकाचे नाही. प्रश्न आणि नोंद वेगळे करावे, हा त्यांचा प्रस्ताव. सरांना तो लगेच पटला नाही. नोंदी लिहिणार कोण, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता.

काय केले

नवा नियम असा ठरला. प्रश्न कोणत्याही लिपीत, मिसळलेल्या भाषेत, बोलून टाकलेल्या संदेशातूनही विचारता येईल. उत्तर मराठीत आणि देवनागरीत द्यायचे. घाई असेल आणि इंग्रजीतच लिहिता येत असेल तर तसे लिहावे, ते काढले जाणार नाही, पण दोन दिवसांत मराठी उत्तर होईपर्यंत धाग्यावर 'नोंद बाकी' अशी खूण राहील. प्रश्न सुटला की नोंदकार धाग्याला देवनागरी शीर्षक देईल आणि वर चार-पाच ओळींत अडचण, कारण आणि उपाय लिहील. विचारणाऱ्याचा मूळ मजकूर खाली जसाच्या तसा राहील. त्याची लिपी, त्याचे ऱ्हस्व-दीर्घ, त्याची बोली, कशालाही हात लावायचा नाही. हे शेवटचे वाक्य एका वऱ्हाडी सदस्याने आग्रहाने घालायला लावले. त्याचे प्रश्न याआधी 'शुद्ध' करून ठेवले गेले होते आणि स्वतःच्या नावाखाली दुसऱ्याचीच भाषा वाचताना त्याला परके वाटत असे.

एरर मेसेज आणि मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच लिहायची, हा नियम सरांनी सुचवला. शिक्षिकेच्या दुसऱ्या प्रश्नाचे काय झाले ते त्यांनी नंतर नीट वाचले होते. एररचा शब्द बदलला की तो शोधताच येत नाही, मग तो मराठीत आणून कोणाचा फायदा होतो? ज्यांच्या संगणकाचा इंटरफेस मराठी आहे त्यांच्यासाठी मराठी मेनूचे नावही शेजारी द्यायचे.

काढून टाकण्याचा अधिकार आता कोणा एकाकडे नाही. जाहिरात, शिवीगाळ आणि खाजगी माहिती सोडली तर मजकूर काढायला दोन ॲडमिनची संमती लागते. एकाने केलेली कृती दुसऱ्याला पटली नाही तर ती उलटवण्याआधी ॲडमिनच्या खोलीत बोलायचे. आणि ठरलेला मेसेज बदलला. आता त्यात अँड्रॉइडवर मराठी कीबोर्ड चालू करायच्या पायऱ्या आहेत, बोलून टाइप कसे करायचे ते आहे, आणि पहिली ओळ अशी आहे की तुमचा प्रश्न आमच्यापर्यंत पोचला आहे.

शोधाच्या सोयीवर काम निघाले ते अनपेक्षितपणे. देवनागरी सक्तीचा मुख्य आधार शोध हा होता, म्हणून तरुण ॲडमिनने साठा तपासला, तर देवनागरीतले धागेही एकमेकांना सापडत नव्हते. 'ॲप' हा साधा शब्द साठ्यात वेगवेगळ्या तऱ्हांनी होता. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या सवयीने कोणी 'अ' वर अर्धचंद्र देतात, कोणी मध्ये न दिसणारा जोडक घालतात, कोणी हिंदी कीबोर्डवरचा 'ऍ' वापरतात. 'दऱ्या' मधला चंद्रकोरीचा र दोन प्रकारे साठवता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, शोधणाऱ्या यंत्राला कळतो. त्याने शोधण्यापूर्वी ही सगळी रूपे एकाच रूपात आणणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. जुने कितीतरी धागे त्यानंतर पहिल्यांदा सापडू लागले. सरांनी तिची चाचणी घेतली, राहिलेली रूपे शोधून दिली. वादानंतर दोघांनी एकत्र केलेले हे पहिले काम.

काय झाले

मोबाइलवरून येणारे प्रश्न वाढले, हे गटात राहणाऱ्या कोणालाही जाणवते. बोलून टाकलेल्या संदेशांतून प्रश्न विचारणाऱ्या अंगणवाडी सेविका आता दिसतात, पूर्वी नव्हत्या. गट इंग्रजी झाला नाही. उलट, प्रश्न रोमन लिपीत विचारणारेच खालची देवनागरी उत्तरे पाहून काही दिवसांत स्वतः कीबोर्ड चालू करतात असे अनेकदा घडले आहे.

नोंदींचे काम मात्र साचते. सरांची शंका खरी ठरली. 'नोंद बाकी' ची खूण दोन दिवसांऐवजी दोन-तीन आठवडे राहते, सणासुदीत त्याहून जास्त. सरांनी ॲडमिनपद सोडले आणि नोंदकार म्हणून काम घेतले. सध्याच्या चांगल्या नोंदींतल्या बऱ्याच त्यांच्या आहेत. त्यांच्यानंतर हे कोण करील, याचे उत्तर गटाकडे नाही.

हिंदीतून येणाऱ्या प्रश्नांचेही भिजत घोंगडे आहे. नियमाच्या शब्दांनुसार ते चालतात. पण नागपूरकडचे सदस्य म्हणतात की हिंदी प्रश्नाला उत्तर देणारा नकळत हिंदीतच लिहू लागतो, आणि सरांनी इंग्रजीबद्दल सांगितलेली घसरण इथे अधिक वेगाने होईल. यावर दोनदा चर्चा झाली, निर्णय झाला नाही.

नवा प्रश्न चॅटबॉटचा आहे. उत्तर मराठीत आणि देवनागरीतच हवे म्हटल्यावर काही सदस्य यंत्राकडून ते लिहून घेऊ लागले. भाषा गुळगुळीत, पण मेनूत नसलेली बटणे सांगितलेली. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये अशा उत्तरांवर बंदी घातली. पुढे, मजकूर यंत्राचा आहे या संशयावरून कारवाई करू नका असे कंपनीने सांगितल्यावर तिथल्या स्वयंसेवी मॉडरेटरनी जून २०२३ मध्ये संप केला. आपल्याकडे लगेच उलटा प्रकार सुरू झाला: कोणी नेटके, प्रमाण मराठी लिहिले की 'हे यंत्राचे दिसते' अशी शंका. परकी भाषा जपून लिहिणाऱ्यांचे इंग्रजी ओळखयंत्रे चुकून कृत्रिम ठरवतात, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले होते. इथे तर स्वतःच्या भाषेत काळजीपूर्वक लिहिणाऱ्यावर संशय येत होता. ताईंनी ओळखण्याचा नादच सोडायला लावला. आता उत्तराखाली लिहावे लागते: कोणत्या आवृत्तीवर, स्वतः करून पाहिले का. करून न पाहिलेले उत्तर नोंदीत जात नाही, मग ते माणसाने लिहिलेले असो वा यंत्राने.

वेगळे काय करता आले असते

नियम ठरवताना तिघेही ॲडमिन संगणकाच्या कीबोर्डवर सराईत देवनागरी टाइप करणारे होते. फक्त मोबाइलवर काम करणारे एक माणूस त्या चर्चेत असते तर लिपीची अट प्रश्नांना लावलीच गेली नसती, असे मला ठामपणे वाटते. यासाठी वाद व्हावा लागण्याचे कारण नव्हते.

त्या संध्याकाळी प्रश्न काढण्याऐवजी लपवता आला असता आणि शिक्षिकेला खाजगीत दोन ओळी लिहिता आल्या असत्या. मूळ स्क्रीनशॉट समोर राहिला असता तर फॉन्टचा सल्ला कोणी दिलाच नसता. फाइल सेव्ह करायला सांगण्याआधी 'आधी तिची प्रत काढा' हे वाक्य कोणत्याही भाषेत चालले असते. ते आता उत्तर देणाऱ्यांच्या सूचनांत पहिले आहे.

तरुण ॲडमिनने प्रश्न परत आणला ते योग्यच केले. मात्र सरांना एक फोन करून आणायला हवा होता. दोघांकडे एकमेकांचे नंबर होते. रात्र झाली होती म्हणून केला नाही, असे तो म्हणतो. सर म्हणतात की त्यांनी फोन उचलला असता. पहाटे उत्तर काढताना सरांना तीच संधी होती. ज्या उत्तराला त्यांचा आक्षेप होता ते मराठीत लिहायला त्यांना दहा मिनिटे लागली असती आणि वादाचा विषयच संपला असता.

शिक्षिकेकडे परत जायला गटाला फार उशीर लागला. नवा नियम झाल्यावर, तोही मी या लेखासाठी संपर्क केल्यावर, ॲडमिननी त्यांना पत्र लिहिले. त्या परत सदस्य झाल्या नाहीत. त्यांच्या केंद्रातल्या शिक्षकांसाठी सीएसव्ही उघडण्याची नोंद त्यांना पाठवली आहे, त्यात आधारचा रकाना 'टेक्स्ट' म्हणून घ्यायची पायरीही आहे. ती वापरून पाहून त्यांनी एक दुरुस्ती कळवली: शाळेच्या जुन्या ऑफिसमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' असे बटण नाही, तिथे 'फ्रॉम टेक्स्ट' आहे आणि पुढच्या खिडक्या वेगळ्या आहेत. सरांनी त्या आवृत्तीसाठी वेगळी नोंद लिहायला घेतली आहे.